सेनेटर मैदानाबाहेर

ट्रेनर म्हटलं की लोक आधी पोट आत ओढतात. जोलीन सेड्लाचेकला याची इतकी सवय झाली होती की समोरच्याने श्वास रोखला की ती स्वतःच म्हणायची, "सोडा, सोडा. मी त्यातली नव्हे." जिममध्ये उठाबशा काढायला लावणारे ट्रेनर वेगळे. जोलीन टिल्डा क्रॉसिंगच्या हायस्कूलची अ‍ॅथलेटिक ट्रेनर होती. म्हणजे मुरगळलेले घोटे टेपने बांधायचे, निखळलेला खांदा डॉक्टर येईपर्यंत धरून ठेवायचा, डोक्याला मार लागलेल्या पोराला खेळातून बाहेर काढायचं आणि मग त्याच्या बापाच्या शिव्या खायच्या. शिव्या पगारात धरलेल्या नव्हत्या, तरी दर शुक्रवारी नेमाने मिळायच्या.

तो पगारच आता जायच्या बेतात होता. शाळेच्या सुपरिंटेंडेंटने ख्रिसमसच्या आधी तिला बोलावून, कॉफी देऊन, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. लहान शाळांमधल्या ट्रेनरचा निम्मा पगार राज्याने द्यावा, असं विधेयक राजधानीत, लिंकनच्या विधानभवनात पडून आहे. ते समितीतून बाहेर पडलं तर तुझी जागा पुढच्या वर्षीही ठेवतो. नाही पडलं, तर मे महिन्यात निरोपाचा केक कापू. एकोणीस वर्षं जिने गावातल्या दोन पिढ्यांचे घोटे बांधले तिला केक! जोलीन गाडीत बसून रडली, मग डोळे पुसून बास्केटबॉलच्या सरावाला गेली, कारण सराव काही तिच्या रडण्यासाठी थांबणार नव्हता.

ते विधेयक राज्याच्या ट्रेनर संघटनेनेच आणलेलं. संघटना म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. जोलीनसारखीच दोनचारशे माणसं, सगळ्यांच्या खिशात कात्री आणि गाडीत बर्फाची पेटी. विधानभवनात आपली बाजू मांडायला त्यांनी पॅट्रिस मॅडक्स नावाची एक बाई पगारावर ठेवली होती. उंच टाचांचे बूट, राखाडी कोट, आणि कुठला सेनेटर कुठल्या दिवशी काय खाऊन खूश असतो हे तोंडपाठ. तिची फी भरायची तर वर्षातून एकदा लिलाव करावा लागे, आणि यंदा लिलावाचं काम जोलीनकडे होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी टिल्डा क्रॉसिंगच्या अग्निशमन केंद्रात लिलाव भरला. बंब बाहेर बर्फात उभे केले होते. आत लांब टेबलांवर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्यासोबत दालचिनीचे गोड रोल. बाहेरच्या राज्यातला माणूस या जोडीला नाक मुरडतो. मुरडू दे, आपल्याला तेवढे रोल जास्त. लिलावाला काय नव्हतं? चर्चच्या बायकांनी शिवलेली गोधडी, फ्रीझरमध्ये ठेवायला अर्धा डुक्कर, ट्रकभर खडी, रुबार्बच्या आंबट देठांच्या भाजलेल्या गोड पाई, आणि शेवटी सगळ्यांची नजर जिच्यावर होती ती तपकिरी कालवड. कालवड दारात बांधली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अगदी पॅट्रिससारखी तोलून बघत होती.

लिलाव पुकारायला आला होता राज्याच्या विधानभवनातला सेनेटर मर्ल हागेडॉर्न. जन्मभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारून म्हाताऱ्याचा आवाज खडीसारखा झाला होता. माणूस एकदा पुकारायला लागला की आकडे इतक्या वेगाने सुटायचे की ऐकणाऱ्याला दम लागायचा. मोठी पांढरी हॅट घातल्याशिवाय तो पुकारत नसे. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, विधेयक ज्या समितीत अडकलं होतं त्या समितीत तो होता. सात जण, तिघे बाजूने, तिघे विरुद्ध, आणि मधोमध मर्ल.

सकाळी त्याने जोलीनला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "बाई, खूप विचार केला. मंगळवारी मतदान आहे. मी तुमच्या बाजूने."

जोलीनने त्याच्या हातात दालचिनीचा रोल दिला. पॅट्रिसला सांगितलं तेव्हा पॅट्रिसने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा चिली मागितली.

आणि मग मर्ल पडला.

बैलगाडीएवढं लाकडी व्यासपीठ केलं होतं. रुबार्बची शेवटची पाई विकून झाली, मर्ल हसत हसत एक पाऊल मागे गेला, आणि मागे फळी संपली होती. डोक्याची मागची बाजू टेबलाच्या कडेवर आपटली. हॉलमध्ये साठेक माणसं होती, त्यातली निम्मी ट्रेनर. एरवी एखाद्या जेवणावळीत कुणी पडलं तर लोक "अरे अरे" करत उठतात. इथे तीस माणसं एकदम धावली आणि दोन टेबलं आडवी झाली. चिली जमिनीवर, आणि मर्लच्या मानेला एकाच वेळी चार जणांचे हात.

"सगळे मागे व्हा," जोलीन म्हणाली. "गाव माझं आहे, पेशंटही माझा."

मर्ल उठून बसला. "काही झालं नाही. हॅट कुठाय माझी?"

"कुठल्या गावात आहात, सेनेटर?"

"टिल्डा क्रॉसिंग. आणि या गावचे रस्ते भिकार आहेत."

"बरोबर. आता डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." मर्ल थांबला. "ऑगस्ट."

"शेवटी काय विकलंत?"

"खडी," मर्ल ठामपणे म्हणाला.

खडी तासाभरापूर्वी विकली गेली होती. जोलीनने वर पाहिलं. भोवतीच्या तीसही ट्रेनरांच्या चेहऱ्यावर तेच लिहिलेलं होतं. त्यांच्यामागे पॅट्रिस उभी होती आणि डोळ्यांनी विनवत होती.

मर्ल खुर्चीला धरून उभा राहिला. "चला, कालवड आणा. लोक थांबलेत."

आता इथे ट्रेनर लोकांची एक जुनी रीत सांगायला हवी. इथल्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागलेल्या पोराला बाहेर बसवलं की ट्रेनर पहिली गोष्ट करते ती म्हणजे त्याचं हेल्मेट काढून घेऊन लपवते. कारण पोरं बेरकी. ट्रेनरची पाठ वळली की हळूच मैदानात घुसतात. हेल्मेट नसेल तर पंच आत घेत नाहीत. ही रीत जोलीनच्या हातांत इतकी मुरलेली की समोर सतरा वर्षांचा खेळाडू आहे की एकाहत्तर वर्षांचा सेनेटर, हे हातांनी विचारलंच नाही. एका हाताने तिने मर्लचा माइक घेतला, दुसऱ्या हाताने हॅट उचलली आणि न बघता मागे दिली. मागे ऑर्व्ह टीजन होता, निवृत्त ट्रेनर, चाळीस वर्षं हाच धंदा केलेला. त्याने हॅट रिकाम्या पातेल्यात टाकली, झाकण लावलं आणि झाकणावर बसला.

"तुम्ही बाहेर," जोलीन म्हणाली.

"बाहेर म्हणजे?"

"आज पुकारायचं नाही. गाडी चालवायची नाही. आत्ता डॉक्टरकडे."

"अगं बाई, अंगात ताप असताना मी चारशे गुरं विकलीत. घोड्याने लाथ मारली त्या दिवशी पण..."

"ती गुरं तुमचं डोकं तपासत नव्हती. बसा."

मर्लची बायको आर्लिस पाई कापायची सुरी खाली ठेवून आली. बावन्न वर्षांच्या संसारात मर्लला 'बस' म्हणून बसवणारं माणूस ती पहिल्यांदा बघत होती. "मर्ल," ती म्हणाली, "ही सांगते तसं कर. माझं तर तू कधी ऐकलं नाहीस."

डॉक्टरने तपासलं. आत रक्तस्राव वगैरे नव्हता, पण मेंदूला धक्का बसला होता. विश्रांती, अंधारी खोली, वाचन नको, वादावादी नको. आणि ती टिल्डा क्रॉसिंगला राहणारी ट्रेनर रोज बघून जाईल, ती बरा म्हणेल तेव्हाच पुढचं.

इकडे कालवड पुकारली ऑर्व्हने. त्याला लिलावाचा गंध नव्हता. दुखरा गुडघा वळवून घेताना पोरांना जसं चुचकारायचं तसंच तो लोकांना चुचकारत होता. "आणखी थोडं. येतंय, येतंय. ताण जाणवला पाहिजे, दुखायला नको. शाब्बास. आता एकदाच अजून." लोक हसून हसून बेजार झाले, पण हसणारा माणूस हात वर करत नाही, पोट धरतो. कालवड स्वस्तात गेली.

पॅट्रिसने जोलीनला पार्किंगमध्ये गाठलं. थंडीने तिचं नाक लाल झालं होतं.

"मी बावीस वर्षं हा धंदा करतेय," ती म्हणाली. "लोकांनी आपलं मत विकलेलं पाहिलंय, फिरवलेलं पाहिलंय. आपल्याच बाजूचं मत अंधाऱ्या खोलीत नेऊन झोपवणारी माणसं पहिल्यांदा बघतेय."

"मंगळवारपर्यंत कदाचित बरा होईल."

"आणि नाही झाला तर? सहा वर्षं त्या विधेयकाच्या मागे आहोत आपण. चार मतं पडली नाहीत तर या वर्षापुरतं बाद. पुढच्या वर्षी मला द्यायला पैसे असतील का तुमच्याकडे? आज कालवड केवढ्याला गेली बघितलंस ना?"

जोलीन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडू लागली. हातातोंडाशी आलेला घास तिने स्वतःच्या हाताने खाली ठेवला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा वेळ आली तरी ती तेच करणार होती. हे तिला माहीत होतं म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता.

सोमवारी संध्याकाळी ती मर्लच्या शेतावर गेली. मर्ल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, म्हणजे लिंकनला निघायच्या तयारीत. गाडीच्या किल्ल्या आर्लिसच्या एप्रनच्या खिशात होत्या.

"मी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हिला सांगतोय तर म्हणते, जोलीन बरा म्हणेल तर किल्ल्या देते. तर म्हण, आणि आपण सगळे सुखाने झोपू."

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडं. हवामानाने."

जोलीनने वरचा दिवा लावला. मर्लने पापण्या गच्च मिटल्या आणि तोंड फिरवलं. तिने त्याला पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलली, मग ते शब्द विचारले. मर्लला दोन आठवले. तिसरा म्हणून त्याने 'खडी' सांगितलं.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "बघ पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "मला माहितेय तुझ्या शाळेत काय चाललंय. आर्लिसने सांगितलं. मला जाऊन एवढं एकच अक्षर बोलायचंय, 'हो'. त्याला किती डोकं लागतं? विधानभवनात निम्मे जण तेवढ्यावरच चालवतात."

आर्लिस खिशातल्या किल्ल्यांवर हात ठेवून जोलीनकडे बघत होती. 'बरा' हा एक शब्द. तो उच्चारला तर शाळा राहील, शुक्रवारचे खेळ राहतील, शिव्यासुद्धा राहतील. ऐंशी मैल गाडी, बर्फाळ रस्ता, चार तास झगझगीत दिव्यांखाली बैठक. बहुधा काही झालंही नसतं. प्रत्येक बाप मैदानाच्या कडेला हेच म्हणतो, बहुधा काही होणार नाही. एकोणीस वर्षांत ती एकाही बापाला हो म्हणाली नव्हती. आता स्वतःसाठी म्हणायचं?

"नाही, सेनेटर," ती म्हणाली. "तुम्ही अजून बाहेरच."

गाडीत बसल्यावर तिने ऑर्व्हला फोन केला आणि भरपूर रडली. ऑर्व्हने सगळं ऐकून घेतलं. "अगं, आपण मूर्ख लोक आहोत," तो म्हणाला, "पण सगळे एकाच बाजूने मूर्ख आहोत, हे बरं आहे." रडता रडता तिला हसू आलं.

मंगळवारी समितीच्या खोलीत जोलीन शेवटच्या रांगेत बसली. शेजारी पॅट्रिस, मयताला आल्यासारखी. समितीचा अध्यक्ष गेलन स्ट्रो विरोधकांपैकी होता, पश्चिमेकडच्या एका तीनशे वस्तीच्या गावचा, पूर्वीचा फुटबॉल कोच. माणूस वाईट नव्हता. सरकारने पैसा सोडला की तो आपल्या गावापर्यंत कधीच पोचत नाही, असं त्याचं साधं म्हणणं होतं, आणि ते बऱ्याचदा खरंही निघायचं.

"हागेडॉर्न?" त्याने विचारलं.

"आजारी आहेत," कारकून म्हणाली.

स्ट्रोच्या डाव्या हाताला बसलेला सेनेटर लगेच पुढे सरकला. "मग मतदान घेऊन टाका. कोरम आहे. अर्ध्या मिनिटाचं काम."

"आजारी म्हणजे काय झालंय?" स्ट्रोने खोलीकडे बघून विचारलं. "कुणाला माहितेय?"

पॅट्रिसने जोलीनचा दंड धरला, पण तोवर जोलीन उभी राहिली होती. "डोक्याला मार लागलाय. शनिवारी. मी त्यांना बाहेर बसवलंय."

"तू कोण?"

"ट्रेनर. टिल्डा क्रॉसिंग."

"या विधेयकातले ट्रेनर म्हणजे तुम्हीच लोक ना?" स्ट्रोने चष्मा काढला. "मर्ल कुणाच्या बाजूने मत देणार होता, ठाऊक होतं तुला?"

"हो. आमच्या."

"आणि ठाऊक असून बसवलंस?"

"शब्द लक्षात राहत नव्हते त्यांच्या," जोलीन म्हणाली. "मत कुणाचं आहे ते बघून डोकं तपासत नाही."

डावीकडचा सेनेटर म्हणाला, "अध्यक्ष, मतदान."

स्ट्रोने चष्म्याची काच पुसली आणि चष्मा परत चढवला. "तिसेक वर्षं कोच होतो मी," तो म्हणाला. "पोरगं मैदानात पडलं की काय करतात? दोन्ही संघ गुडघा टेकून थांबतात. आपला असो की त्यांचा. तो उठून बाहेर जाईपर्यंत कुणी चेंडूला हात लावत नाही. त्या वेळात मी कधी गोल केला नाही, आणि करणाऱ्या पोराला घरी पाठवलं असतं." मग जोलीनकडे वळून म्हणाला, "गैरसमज नको, बाई. माझं मत आज विरुद्ध आहे आणि नंतरही विरुद्धच राहील. पण माणूस पडलेला असताना शिट्टी वाजणार नाही. पुढच्या गुरुवारी."

पॅट्रिसने तोंडावर हात ठेवला. बावीस वर्षांत तिने काय काय पाहिलं होतं, पण हेही पहिल्यांदाच.

त्यानंतरचे दिवस जोलीन रोज शेतावर जात राहिली. मर्ल आधी अंगणात चालला, मग जिना चढला, मग दिव्याखाली वर्तमानपत्र वाचू लागला आणि त्यातल्या अग्रलेखावर चिडू लागला. "वादावादी नको म्हटलं होतं," आर्लिस म्हणाली. "अगं, चिडतोय म्हणजे सुधारतोय," जोलीन म्हणाली. बुधवारी तिने शेवटची परीक्षा घेतली. गोठ्यात नेऊन, गाईंसमोर, पूर्ण वेगाने पुकारायला लावलं. मर्लने आर्लिसची सगळ्यात लाडकी दुभती गाय एका काल्पनिक गिऱ्हाइकाला असल्या भावात विकली की आर्लिस खवळली आणि तिने तो सौदा जागच्या जागी मोडला. आकडा मात्र एकही चुकला नव्हता. गुरुवारी सकाळी डॉक्टरनेही सही केली.

समितीची खोली त्या दिवशी भरली होती. ट्रेनर मागच्या भिंतीला लागून उभे होते, आणि सवयीने प्रत्येक जण सेनेटरांची चाल बघत होता. ऑर्व्ह कुजबुजला, "डावीकडून दुसरा, खुबा गेलाय." जोलीनने त्याला कोपर मारलं. सुपरिंटेंडेंटने कालच तिला विचारलं होतं, कुठवर आलं म्हणून.

कारकून बाईने नावं पुकारायला सुरुवात केली. हो. नाही. हो. नाही. हो. स्ट्रो म्हणाला, "नाही," आणि तेही मोठ्याने, कुणाला शंका नको म्हणून.

"हागेडॉर्न."

मर्ल खुर्चीत वळला आणि मागच्या भिंतीकडे बघू लागला. पॅट्रिसचा चेहरा कागदासारखा झाला.

"सेनेटर," स्ट्रो म्हणाला, "मत मागे नाही, इथे द्यायचं असतं. काय बघतोस?"

"माझी ट्रेनर बघतोय," मर्ल म्हणाला. "तिने अजून मला आत सोडलेलं नाही."

खोलीत हशा पिकला; स्ट्रोसुद्धा हसला. जोलीनला मात्र हसता येईना. एकोणीस वर्षांत तिने कितीतरी पोरांना बाहेर बसवलं होतं, आणि परत आत जाताना एकानेही मागे वळून तिला विचारलं नव्हतं. सगळे सुसाट पळायचे. मैदानाच्या कडेला म्हणते तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "जा."

मर्ल पुढे वळला. "हो," तो म्हणाला, आणि गुरांच्या बाजारात शेवटची बोली लागल्यावर आपटतो तशी त्याने टेबलावर मूठ आपटली.